पूर्वेकडे तोंड

शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असलेल्या माणसाला, शेवटची रेघ दोन मिनिटांवर उरलेली असताना, मी भर रस्त्यात थांबवून ओवाळलं आहे. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं साग्रसंगीत. हे वाक्य मी आज हसत लिहिते, कारण आता माझं वय असं आहे की मी काहीही बोलले तरी घरातले हसतात. त्या दिवशी आमच्या गल्लीत मात्र कोणी हसलं नव्हतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. अंगावर नवी नारायणपेठ, नावापुढे बी.ए.बी.एड., आणि अख्ख्या भिवंडीत आपल्याइतकं शहाणं कोणी नाही अशी पक्की खात्री. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर तिच्या हातातलं ताट काढून घेईन आणि तेच तिच्या डोक्यात घालीन.

ज्याला ओवाळलं तो जोमा. आमच्या शाळेचा शिपाई. म्हणजे आम्ही त्याला शिपाई म्हणायचो; कागदाला ते मान्य नव्हतं. तो अकरा वर्षं रोजंदारीवर होता. कायम शिपायांना शाळेतून खाकी गणवेश मिळे. रोजंदारीवाल्याला कसला गणवेश! जोमानं बाजारातून खाकी कापड आणून स्वतःच शिवून घेतला होता, आणि कायमवाल्यांपेक्षा त्याचीच इस्त्री कडक असे. राहायचा खाडीकाठी, काल्हेरला. बापाची होडी होती, वरती नवे पूल झाल्यावर होडीत बसायला कोणी उरलं नाही. मग काही वर्षं निजामपुऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढली, आणि लूमच्या खडखडाटात कान जायला लागले तसा शाळेत आला. त्यामुळे तो सगळ्यांशी मोठ्यानं बोले, आणि आम्ही त्याच्याशी. स्टाफरूममध्ये जोमा आणि कोणी बाई बोलत असल्या की वर्गातल्या पोरांना वाटे भांडण लागलंय.

सकाळी शाळेत शिरावं तर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या टेबलाशी जोमा उभा. समोर मस्टर. कायम नोकरीतल्या सगळ्यांची नावं असलेलं ते लाल पुठ्ठ्याचं मस्टर तो खांद्यावरच्या पंचानं रोज पुसायचा, त्या दिवशीचं पान उघडून द्यायचा, पेन पुढे करायचा. आम्ही सह्या करायचो. शेवटची सही झाली की तो शाईवर फुंकर घाली आणि वही बंद करी. त्याचं नाव त्यात नव्हतं. त्याची हजेरी क्लार्कच्या एका शंभर पानी वहीत, पेन्सिलीनं.

एकदा शाळा सुटल्यावर मी वर्गात छत्री विसरले म्हणून परत गेले, तर हा फळ्यासमोर. फळाभर त्याचं नाव. जोमा, जोमा, जोमा. मला बघून त्यानं घाईघाईनं हातानंच पुसायला घेतलं.

मी म्हटलं, "राहू द्या की. काय करताय?"

"सही शिकतंय बाई. सरांच्या सहीला कशी शेपूट हाय, तशी पायजे मना."

मग काय, मला शिकवायला माणूस मिळाला! आठ दिवसांत त्याला सही बसवून दिली. ज-ला मोठी वेलांटीसारखी कमान, आणि शेवटी म-च्या कान्यातून खाली ओढलेली लांब शेपूट. ती त्याला इतकी आवडली की पुढं कोणी विचारलं, काय जोमा, काय हालहवाल, तर ठरलेलं उत्तर: "सही तयार हाय. जागा न्हाय."

हे वाक्य तो तक्रार म्हणून कधी बोलला नाही. हसत बोलायचा. आम्हीही हसायचो. अकरा वर्षं एखादा माणूस हसत हसत एकच गोष्ट मागतोय, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. मी मराठी शिकवायची. वाक्यातला भाव ओळखा, असा पाच गुणांचा प्रश्नही काढायची.

घंटेचं त्याचं तंत्र वेगळंच. पिंपळाला रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर लोखंडी दांडा. हातात घड्याळ नव्हतं. खाडी मात्र डोक्यात. "जोमा, किती वाजले?" म्हटलं की आधी सांगणार, "भरती लागून थोडा येल झालाय." मग मनात काहीतरी मांडून, "म्हंजे सव्वाअकरा." भरतीची वेळ रोज पुढं सरकते, ते गणित हा माणूस झोपेतही करायचा. मुख्याध्यापक चिडायचे, "अरे, शाळेचं वेळापत्रक आहे हे, समुद्राचं नाही!" आणि मग स्वतःचं घड्याळ रेडिओशी लावून बघायचे. घड्याळ चुकलेलं असे. जोमा नाही.

एका पावसाळ्यात कामवारी नदीचं पाणी शाळेत शिरलं. आम्ही जिन्यावर साड्या आवरून उभ्या. संस्थेचे अध्यक्ष वरून ओरडतायत, "अरे, ढाली काढा, चषक काढा!" जोमा कमरेएवढ्या पाण्यात खालच्या खोलीत घुसला आणि डोक्यावर धरून एकच वस्तू घेऊन आला. मस्टर. अध्यक्ष भडकले. "चषक सोडून हे काय आणलंस?"

जोमा निथळत म्हणाला, "सायेब, माझं नाव लागायचं हाय त्यात. भिजला तर मंग लागंल कशात?"

तेव्हाही सगळे हसले. अध्यक्ष सगळ्यात जास्त.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला याच अध्यक्षांच्या पुतण्यानं परदेशातून एक खूळ आणलं. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग धावायचं, मध्ये थांबायचं नाही. ट्रायथलॉन. गावानं त्या शब्दाच्या वाटेला न जाता शर्यतीचं नाव ठेवलं तिहेरी. कशेळीच्या खाडीत पोहायचं, तिथून सायकलनं पडघ्याला जाऊन मानकोलीला परत यायचं, आणि मानकोलीवरून दापोड्यामार्गे धावत थेट आमच्या शाळेच्या मैदानात. ठाण्या-मुंबईचे व्यायामशाळेतले तरुण येणार होते.

स्नेहसंमेलनाच्या स्टेजवर अध्यक्षांना भरतं आलं. माईक हातात होता, समोर गर्दी होती. म्हणाले, "आमचा जोमा खाडीत जन्मलाय! तो उतरणार! आणि पहिला आला तर दुसऱ्या दिवशी त्याचं नाव मस्टरवर. हा माझा शब्द."

टाळ्या पडल्या. जोमा त्या वेळी पडद्याची दोरी धरून विंगेत उभा होता. त्यानं दोरी सोडली आणि पडदा अध्यक्षांच्या पुढ्यात धाडकन पडला.

दुसऱ्या दिवशी क्लार्कनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं ते मी ऐकलं. जोमाला चाळिसावं लागायला चार महिने होते. चाळिसावं लागलं की वयाच्या अटीत बसणार नाही, मग अध्यक्षांनी म्हटलं तरी कायम करता येणार नाही. "म्हणजे जोमा, हीच वेळ. पुढची नाही."

त्या दिवसापासून तो हसायचा थांबला. काल्हेरहून शाळेत चालत येणारा माणूस धावत यायला लागला. मधल्या सुट्टीत आमचे चहाचे कप विसळता विसळता एका पायावर उभा राही, मग दुसऱ्या. सायकल होती ती दूधवाल्याकडून घेतलेली, मागं किटल्यांचे आकडे तसेच. आकडे काढा म्हटलं तर म्हणाला, "शर्यत झाल्यावर परत द्यायची हाय." पी.टी.च्या सरांनी कॅनव्हासचे बूट दिले. ते त्यानं कपाळाला लावून खुंटीला टांगले आणि अनवाणीच धावत राहिला. त्याची बायको हौसाबाई बाजारात सुकट विकायला बसे. तिनं मला विचारलं होतं, "बाई, पयला येल ना ओ?"

मी म्हटलं, "येणारच!" माझं काय जात होतं!

आता माझ्या शहाणपणाकडे येते. शेवटच्या रेघेवर, मैदानाच्या फाटकात, पहिल्या येणाऱ्याला अध्यक्षांच्या सौभाग्यवती ओवाळणार असं ठरलं. हे मला झोंबलं. त्या येणार शाळेत वर्षातून दोनदा, आणि जोमाला ओवाळायचा मान त्यांना? सही कोणी शिकवली? आमचं घर त्याच रस्त्यावर होतं, मैदानाच्या अलीकडे दोन मिनिटांवर. मी ठरवलं, पहिलं ताट माझं. गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलं. आदल्या दिवशी ताट घासून आरशासारखं केलं. त्यात मी मलाच बघितलं असणार, दुसरं काय.

लांबची शर्यत बघायला उभं राहणं हा मोठा गमतीचा प्रकार. बघण्यासारखं काहीच नसतं. सगळं ऐकायचं असतं. सकाळपासून गल्ली ओट्यावर. शिफ्ट सुटलेले लूमवाले डोक्यात कापसाचा भुगा घेऊन उभे. बातम्या येत होत्या रिक्षावाल्यांकडून.

"खाडीतनं पहिला निघाला जोमा! बाकीचे पार मागं!"

गल्ली उसळली. मग तासभर काही नाही. मग एक रिक्षा आली, "सायकलवर मागं पडला. पाचवा." त्या किटल्यांच्या आकड्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. ऊन चढलं. मग टेम्पोवाला, "मानकोलीला चौथा. अनवाणी पळतोय!" समोरच्या लूमवरचे अन्सारचाचा माझ्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले. जोमा त्यांच्या हाताखाली लूम शिकला होता. मला म्हणाले, "टीचर, वो रुकेगा नहीं. चार लूम अकेला संभालता था, बैठता नहीं था."

दापोड्याला दुसरा, ही बातमी आली तेव्हा बायका रडायला लागल्या. मी ताट घेऊन रस्त्यावर उतरले.

आणि तो वळणावर दिसला. एकटा. पुढं कोणी नाही. खाकी हाफपँट, उघडं अंग, मिठानं पांढरं झालेलं. पाय जमिनीला लागतायत की नाही कळत नव्हतं. तोंड उघडं, डोळे समोर, आणि चेहऱ्यावर असं काही की मी त्याला एरवी पाहिलं असतं तर वाट सोडून बाजूला झाले असते. मागं दोनशे पावलांवर ठाण्याचा एक तरणा गडी, रंगीत चड्डी, पांढरे बूट.

"अरे भाग जोमा, भाग!" अन्सारचाचा ओरडत होते.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. दोन्ही हातांत ताट. "थांबा जोमा! थांबा, ओवाळते!"

त्याला ऐकू आलं नसणार. पण ताट दिसलं. ताटामागं बाई दिसल्या. समोर कोणी औक्षणाचं ताट धरलं तर आपल्याकडे माणूस त्याला वळसा घालून जात नाही, आणि शाळेतल्या बाईंनी धरलेलं असेल तर जोमासारखा माणूस मुळीच नाही. तो थांबला. थांबताना दोन पावलं पुढं घसरला आणि माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. छाती भात्यासारखी चालली होती. "बाई," म्हणाला, "लवकर."

मी कुंकू लावलं. घामानं ते ओघळून नाकावर आलं. तेवढ्यात शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "अगं, उघड्या डोक्यानं ओवाळतेस? अपशकुन! टोपी घाला त्याला!"

टोपी! गल्लीत धावाधाव. कोणी रुमाल म्हणतंय, कोणी टॉवेल. अन्सारचाचांनी मागचापुढचा विचार न करता स्वतःच्या डोक्यावरची जाळीची टोपी काढून जोमाच्या डोक्यावर ठेवली. "लो, हो गया. जल्दी करो टीचर!"

"आणि तोंड कुठं आहे त्याचं?" काकू. "पश्चिमेला! पूर्वेकडे तोंड करा!"

मी, बी.ए.बी.एड., मी त्याचे खांदे धरून त्याला पूर्वेकडे फिरवलं. म्हणजे मैदानाकडे पाठ. ज्या रस्त्यानं आला त्या रस्त्याकडे तोंड. मी वळसा घालून पुन्हा त्याच्यापुढं आले.

सूत गुंडाळलेले अवजड बीम भरलेला ट्रक शेजारून गेला आणि निरांजन विझलं.

काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. माझ्या हाताच्या घामानं पेटी ओली झाली होती. तिसरी मोडली. जोमा माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. मला पाठीमागं बुटांचा आवाज ऐकू आला, टप टप टप, जवळ, अगदी जवळ. त्याचे डोळे त्या आवाजाबरोबर डावीकडून उजवीकडे सरकले. पांढऱ्या बुटांचा वारा माझ्या पदराला लागला. ठाण्याचा गडी निघून गेला.

जोमा हात जोडूनच उभा होता.

चौथी काडी पेटली. मी ओवाळलं. देवाशप्पथ, तीन वेळा ओवाळलं. अर्धवट सोडतात का औक्षण!

"झालं," मी म्हटलं. "पळा."

तो वळला, एक पाऊल टाकलं आणि खाली बसला. पोटरीत गोळा आला होता. इतका वेळ चाललेलं शरीर एकदा थांबवलं की ते आपलं राहत नाही, हे मला पी.टी.च्या सरांनी नंतर सांगितलं. अन्सारचाचा पाय चोळायला धावले, तर पंचांचा माणूस सायकलवरून ओरडला, "हात लावू नका! बाद होईल!" मग सगळी गल्ली हात मागं बांधून उभी राहिली. जोमा हातांवर उठला. पडला. उठला. एक पाय ओढत चालायला लागला. डोक्यावर जाळीची टोपी, नाकावर कुंकू, आणि कमरेच्या खालचा माणूस जणू दुसऱ्याच कोणाचा. त्या दोन मिनिटांच्या रस्त्यावर अजून एक जण त्याच्या पुढं गेला.

मी मागोमाग ताट घेऊन चालत होते. ताट कुठं ठेवावं हे सुचत नव्हतं म्हणून.

मैदानाच्या फाटकात हौसाबाई उभी होती. अध्यक्षांच्या सौभाग्यवती ठाण्याच्या गड्याला ओवाळत होत्या, त्यांच्या निरांजनाला वाऱ्याचा कसलाही त्रास झाला नाही. हौसाबाईनं नवऱ्याला बघितलं. मग त्याच्या कपाळावरचं कुंकू बघितलं. मग माझ्या हातातलं ताट. 

जोमाला तिसरा नंबर आणि स्टीलचा जग मिळाला. बक्षीस मिळाल्याची सही करायला कागद पुढं आला. त्यानं पेन घेतलं, पुष्कळ वेळ धरून ठेवलं, आणि मी शिकवली तशी सही केली. ज-ची कमान, म-च्या कान्याची शेपूट. शेपूट खालच्या ओळीत गेली. पंच म्हणाले, "अहो, जागा सोडा पुढच्याला."

अध्यक्षांना मी भेटले. एकदा नव्हे, तीनदा. सगळं सांगितलं, चूक माझी, त्याची नाही. ते म्हणाले, "बाई, मी पहिला म्हणालो होतो. तिसऱ्याला केलं तर उद्या चौथा येईल." चार महिने गेले. जोमाला चाळिसावं लागलं. त्या दिवशीही त्यानं मस्टर पुसून दिलं, पेन पुढं केलं. मी वर न बघता सही केली.

मला तो एका शब्दानं कधी बोलला नाही. पूर्वीसारखाच "बाई" म्हणायचा, चहा आणायचा. फक्त "सही तयार हाय" हे बंद झालं. कोणी मुद्दाम विचारलं, काय जोमा, हालहवाल, तर म्हणे, "बरा हाय." एवढंच. मी शाळेत त्याच्या समोर येणं टाळू लागले. माफी मागायला तोंड उघडायचं आणि "जरा खडू आणता का," म्हणायचं, असं वर्षानुवर्षं केलं. त्या काळात माझ्याइतके खडू भिवंडीत कोणी वापरले नसतील.

नव्वदच्या दशकातली पाच-सहा वर्षं सरली तेव्हा शाळेनं शिपायांची कामं ठेकेदाराला दिली. निळ्या गणवेशातली नवी माणसं आली. जोमाला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. शाळेत मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी. टेबलाशी उभा होता. मस्टर पंचानं पुसलं, कडा पुसल्या, उघडलं नाही. पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि घंटेच्या रुळाला जाता जाता हात लावून फाटकाबाहेर पडला. एक पाय किंचित ओढत. ते ओढणं त्या दिवसापासून राहून गेलं होतं.

पुढच्या रविवारी मी काल्हेरला गेले. इतक्या वर्षांनी, पेढे घेऊन. पेढे कशाला, ते माझं मलाच माहीत नाही. जोमा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. हौसाबाई आत चुलीपाशी. मी सगळं बोलले. मोठ्यानं, कारण त्याला ऐकू येत नसे. त्यामुळे माझी माफी शेजारच्या चार घरांनीही ऐकली.

जोमा हसला. शर्यतीनंतर त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणाला, "काय बाई तुमी! पाय तवाच संपलं व्हतं माझं. तुमी थांबिवलात म्हनून लोकांत इज्जत रायली. न्हायतर तितंच पडलो असतो." आणि माझ्यासाठी शहाळं काढायला म्हणून उठून मागच्या बाजूला गेला.

मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. पदरानं डोळे पुसत होते, तेवढ्यात हौसाबाई चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्यापुढं ठेवला. मागच्या दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाली,

"त्याचं ऐकू नका, बाई. पाय व्हतं त्याचं. ओवालाया मी व्हते ना घरात. तुमी फकस्त रस्ता सोडायचा व्हता."